ऑटिझम आहे आणि शब्दही फुटत नाहीत: गोव्यातल्या नव्या पालकांनी कुठून सुरुवात करावी

ऑटिझमचं निदान झालं, थेरपी सुरू झाली, मूल आता हाक मारली की वळतं, सांगितलेली वस्तू आणून देतं, तुमचा हात धरून फ्रिजपाशी नेतं. पण शब्द येत नाहीत, किंवा आले तरी ते घरच्यांशिवाय कुणाला कळत नाहीत. अशा वेळी पालकांना बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: "ऑटिझम आहे ना, वेळ लागणारच." बऱ्याच मुलांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण काही मुलांत ऑटिझमच्या जोडीला दुसरी एक अडचण असते. बोलण्यासाठी तोंडाच्या ज्या हालचाली लागतात, त्यांची आखणी मेंदूला जमत नाही. ही अडचण वेगळी ओळखली नाही, तर तिच्यावर कामच होत नाही, आणि मूल बोलायचं टाळतंय असा शिक्का त्याच्यावर बसतो. मी गोव्यात विशेष मुलांबरोबर काम करते. नुकतंच निदान झालेल्या मुलांच्या आईबाबांना जे तोंडी सांगते, तेच इथे क्रमानं लिहिते आहे.

आधी दोन नावं ओळखून घ्या. पहिलं "चाइल्डहूड अ‍ॅप्रॅक्सिया ऑफ स्पीच". यात ओठ, जीभ, जबडा यांच्या स्नायूंत ताकद असते. मूल चावतं, गिळतं, हसतं. पण "पाणी" म्हणायचं तर ओठ मिटणं, उघडणं, जिभेचं टोक वर जाणं, आवाज सुरू होणं हे सगळं ठरल्या क्रमानं आणि ठरल्या वेळी व्हावं लागतं. तो क्रमच लागत नाही. दुसरं नाव "डिसार्थ्रिया". यात स्नायूच ढिले, ताठ किंवा अशक्त असतात, त्यामुळे उच्चार जड आणि पुसट येतो, बहुधा लाळही गळते, चावायला त्रास होतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांत ते जास्त दिसतं. डिसार्थ्रियाची शंका असेल तर बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. या लेखात मुख्यतः अ‍ॅप्रॅक्सियाबद्दल लिहिते, कारण ऑटिझमच्या आड तोच जास्त लपतो.

हे दोन्ही एकत्र किती मुलांत असतं? एरवी अ‍ॅप्रॅक्सिया विरळा, हजार मुलांत एक-दोघांना. ऑटिझम असलेल्या मुलांबद्दल मात्र अभ्यासांचं एकमत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या २०१५च्या एका छोट्या अभ्यासात ऑटिझमचं निदान झालेल्या जवळजवळ दोन तृतीयांश मुलांत अ‍ॅप्रॅक्सिया आढळला. त्याआधी २०११ साली बोलू शकणाऱ्या, चार ते सात वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांची तपासणी झाली होती, तिच्यात मात्र तसं काही सापडलं नाही. माझ्या मते या विरोधाचं मोठं कारण म्हणजे दोन्हीकडे तपासलेली मुलंच वेगळी होती. म्हणून ऑटिझमच्या प्रत्येक मुलाला अ‍ॅप्रॅक्सिया आहे असं समजू नका. पण जे मूल समजतं खूप आणि बोलतं फारच थोडं, त्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

पहिली पायरी: कान

बाकी काही करण्याआधी ऐकण्याची तपासणी. "अहो, त्याला कुकरची शिट्टी ऐकू येते" हे पुरेसं नाही. थोडं ऐकू येणाऱ्या मुलालाही शिट्टी ऐकू येते, पण "स" आणि "त" मधला फरक कळत नाही. ओएई आणि गरज पडल्यास बेरा या चाचण्यांत मुलानं उत्तर द्यावं लागत नाही, बेरा झोपेतच होते. जन्मानंतरची चाचणी चांगली आली होती म्हणून आता टाळू नका; कानात पाणी साठणं नंतरही होतं. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात किंवा म्हापसा-मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागाकडे चौकशी करा.

दुसरी पायरी: दोन आठवडे वही आणि मोबाइल

थेरपिस्टच्या खोलीत मूल अर्धा तास असतं, तेही नवख्या जागी. तुम्ही त्याला दिवसभर पाहता. निदानात सगळ्यात मोलाची माहिती तुमच्याकडेच असते, फक्त ती लिहून ठेवलेली नसते.

एकच शब्द वेगवेगळ्या वेळी कसा येतो ते लिहा. "काका"ला रोज, दर वेळी "ताता" म्हणणारं मूल एक ठरावीक चूक करतं. ती लहान वयात नेहमीची आहे. पण "पाणी"ला सकाळी "पाई", दुपारी "बानी" आणि संध्याकाळी नुसतं "आ" असं काहीतरी येत असेल, तर ते ठळक अक्षरांत लिहा. तसंच स्वर पाहा. बहुतेक मुलं व्यंजनं चुकवतात, स्वर सहसा बरोबर येतात. अ‍ॅप्रॅक्सियात "दे"चं "दा" नि "दो" होतं. शब्द लांबला की गाडी अडते का? अक्षरं सुटी सुटी, एकाच सुरात, मध्ये थांबून येतात का? बोलण्याआधी तोंड उघडून, ओठ हलवून मूल जागा शोधल्यासारखं करतं का? अमेरिकेतल्या वाचातज्ज्ञांच्या संघटनेनं २००७ साली अ‍ॅप्रॅक्सियाच्या ज्या तीन खुणा मांडल्या त्या याच: बदलत्या चुका, एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना अडखळणं, आणि बोलण्याचा बिघडलेला सूर व शब्दांवरचा जोर.

आणखी एक गोष्ट पालकांना फार गोंधळात टाकते. एखादा शब्द एके दिवशी स्वच्छ येतो आणि मग महिनोन्महिने येत नाही. पाहुणा निघाला की "टाटा" आपसूक निघतं, पण "टाटा म्हण" म्हटलं की तोंडच उघडत नाही. लोक म्हणतात, "येतं त्याला, हट्टी आहे." आपसूक येणारा शब्द आणि ठरवून म्हणायचा शब्द यांत अ‍ॅप्रॅक्सिया असलेल्या मुलाला खरोखरच जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तो हट्ट नव्हे.

उलट बाजूही नोंदवा. मूल जाहिरातीतली लांबलचक वाक्यं जशीच्या तशी, स्वच्छ म्हणत असेल, पण भूक लागली तर सांगत नसेल, तर तोंडाची आखणी बहुधा ठीक आहे; तिथे काम संवादावर करायचं. आणि आधी बोलणारं मूल बोलायचं थांबलं असेल, टक लावून हरवल्यासारखं होत असेल किंवा झटके आले असतील, तर वही बाजूला ठेवा आणि ताबडतोब डॉक्टरांना भेटा.

मोबाइलवर एकेक मिनिटाचे व्हिडिओ काढा: जेवताना, खेळताना, काहीतरी मागताना. चेहरा समोरून दिसला पाहिजे.

तिसरी पायरी: कुणाकडे जायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते आणि पुढची सोय जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांकडून करायची असते. अंगणवाडीताई किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. मुलांच्या विकासावर काम करणारी "सेतू" ही संस्था गोव्यात बरीच वर्षं आहे. पर्वरीचं संजय स्कूल आणि फोंड्याकडचं लोकविश्वास प्रतिष्ठान ही नावं तर आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत.

स्पीच थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. चांगला थेरपिस्ट रागावत नाही. मग सरळ विचारा: "मुलाच्या तोंडाच्या हालचालींच्या आखणीची तपासणी केली का? स्वर, बदलत्या चुका, लांब शब्द पाहिले का?" तीन वर्षांच्या आत, किंवा मुलाकडे अगदी मोजके आवाज असताना, पक्कं निदान करता येत नाही, कारण तपासायलाच पुरेसं बोलणं नसतं. अशा वेळी अहवालात "संशयित" असं लिहिलेलं असणं प्रामाणिकपणाचं आहे. त्या शंकेवरूनही काम सुरू करता येतं.

ऑटिझम आणि अ‍ॅप्रॅक्सिया दोन्ही असतील, तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवा. सोळाव्या गुणसूत्रावरचा १६पी११.२ नावाचा तुकडा गळालेला असेल तर दोन्ही अडचणींची शक्यता वाढते हे माहीत झालेलं आहे. तपासणी महाग आहे आणि तिच्यानं थेरपी बदलत नाही, म्हणून ती सगळ्यांनी करावीच असं मी म्हणणार नाही.

काणकोण, सत्तरी, पेडण्याकडच्या कुटुंबांना आठवड्यातून दोनदा पणजी-पर्वरी गाठणं म्हणजे बसमध्येच दिवस. पहिली तपासणी समोरासमोर करा, पुढची काही सत्रं व्हिडिओवर मागा. थेरपिस्ट तुम्हाला शिकवते, तुम्ही मुलाबरोबर करता. या अडचणीत ते चांगलं चालतं.

चौथी पायरी: बोलणं येईपर्यंत वाट पाहू नका

ही पायरी पालक सगळ्यात शेवटी घेतात. घ्यायला हवी अगदी सुरुवातीलाच, तपासण्यांच्या जोडीनं. मुलाला आजच, या आठवड्यात, काहीतरी सांगता येईल असं साधन द्या: चित्रांची पाटी, हाताच्या खुणा किंवा मोबाइलवरचं अ‍ॅप. आयआयटी मुंबईत तयार झालेलं "जेलो" विनामूल्य आहे आणि मराठीत चालतं. चेन्नईचं "आवाज" हे अ‍ॅपही भारतीय भाषांसाठी बनवलेलं आहे.

"चित्रं दिली तर मग तो बोलेल कशाला?" हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते. २००६ साली या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यातल्या भक्कम अभ्यासांत अशा साधनांमुळे बोलणं कमी झालेलं एकही उदाहरण नव्हतं, आणि बहुतेकांचं बोलणं थोडंफार वाढलंच होतं. सांगता येत नाही म्हणून डोकं आपटणारं मूल सांगता आलं की शांत होतं, आणि शांत मूल शिकतं.

सुरुवात कागदानं करा. पेज, पोई, पाणी, झोका, "नको", "अजून", "दुखतंय", "बास" अशी आठ-दहा चित्रं, लॅमिनेट करून फ्रिजवर आणि एक प्रत पिशवीत. मोठ्यांनी बोलताना स्वतः त्या चित्रांवर बोट ठेवायचं: "पेज… अजून?" मुलाला बोट ठेवायला लावायचं नाही. आपण बोलत राहतो म्हणून मुलं बोलायला शिकतात. हेही तसंच आहे. आणि "आधी बोल, मग देते" हे वाक्य घरातून कायमचं हद्दपार करा. तोंडाला जे जमत नाही, त्याची अट भुकेल्या मुलाला घालणं अन्यायाचं आहे.

पाचवी पायरी: शब्दांचा सराव, थोडा पण रोज

अ‍ॅप्रॅक्सियाची थेरपी ही हालचाल शिकण्याची थेरपी आहे. म्हणजे थोडे शब्द, भरपूर वेळा, आठवड्यातून अनेकदा. महिन्याभरात पन्नास फ्लॅशकार्डं उरकणारी थेरपी इथे उपयोगाची नाही. डीटीटीसी ही अमेरिकन पद्धत या मुलांत बरीच वापरतात. तिचा गाभा असा: थेरपिस्ट आणि मूल तोच शब्द एकत्र, सावकाश म्हणतात, जमू लागलं की थेरपिस्ट आवाज काढून नुसते ओठ हलवते, मग फक्त आधी म्हणून दाखवते, मग मुलानं एकट्यानं. अडलं की एक पायरी मागे. प्रॉम्प्ट या पद्धतीत चेहऱ्याला स्पर्श करून हालचाल दाखवतात. दोन्ही अडचणी असलेल्या मुलांवरचं संशोधन अजून थोडं आहे, त्यामुळे "हमखास बोलेल" असं सांगणाऱ्यापासून सावध राहा.

ऑटिझममुळे या पद्धतीत बदल करावे लागतात, आणि ते थेरपिस्टनं करायला हवेत. चेहऱ्याला हात लावलेला अनेक मुलांना सहन होत नाही. मग स्पर्श नको. "माझ्याकडे बघ" म्हणून हनुवटी धरू नका. शेजारी बसा, समोर आरसा ठेवा, किंवा मुलाची आवडती वस्तू तुमच्या ओठांजवळ धरा, नजर आपोआप येते. नक्कल करायची सवयच नसेल तर आधी टाळ्या, टेबलावर थाप, गाडी ढकलणं अशा हालचालींची नक्कल, शब्द त्यानंतर.

शब्द कोणते निवडायचे? मुलाला आज ज्यांची गरज आहे आणि ज्यांची घडण सोपी आहे असे. जोडाक्षरं, "ळ", "क्ष" पुढे कधीतरी. "दे", "मी", "आई", "नको", "बास" यांसारखे पाच पुरे. नुसतं "दे" शिकवलं तर सगळ्याच गोष्टी "दे" होतात आणि काय द्यायचं ते कळत नाही. म्हणून चित्रावर बोट आणि तोंडानं "दे", अशी जोडी लावा.

एका मुलाचा पहिला ठरवून म्हटलेला शब्द दारोदार पाव विकणाऱ्या पोदेरानं दिला. रोज सकाळी सायकलचा भोंगा वाजला की आई त्याला घेऊन व्हरांड्यात यायची, दोघं मिळून "पों" म्हणायची, मग पोई हातात. ओठ मिटायचे, उघडायचे, बस. भोंगा रोज त्याच वेळी, पोई रोज तीच. ऑटिझम असलेल्या मुलाला हवा तो ठरलेपणा आणि तोंडाला हवी ती पुनरावृत्ती, दोन्ही एकाच वेळी मिळालं. आई आधी पूर्ण म्हणायची. मग नुसते ओठ मिटून थांबायला लागली. नंतर भोंगा ऐकून मूलच आधी म्हणू लागलं. तुमच्या घरात असे क्षण शोधा: झोक्याला धक्का देण्याआधी, नळ उघडण्याआधी, दार उघडताना. दोन-तीन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. खुर्चीवर बसवून केलेल्या सलग अर्ध्या तासापेक्षा हे कितीतरी बरं.

गाण्याचा, तालाचा उपयोग होतो का? बोस्टनमध्ये २०११ साली जवळजवळ न बोलणाऱ्या सहा ऑटिस्टिक मुलांवर सुरात शब्द म्हणत दोन्ही हातांनी तालावर थाप द्यायचा प्रयोग झाला आणि मुलांचे उच्चार वाढले. अभ्यास छोटा होता, पण करून पाहायला काही हरकत नाही. घरात घुमट असेल तर घुमट, नाहीतर स्टीलचा डबा. आरतीच्या ओळीतला शेवटचा शब्द मुलासाठी सोडून थांबा.

पैसे कशावर घालवू नयेत

मेणबत्ती फुंकणं, शिट्ट्या, स्ट्रॉनं ओढणं, ओठांना मध लावून जीभ फिरवणं, तोंडात व्हायब्रेटर: या व्यायामांनी बोलणं सुधारतं असा भक्कम पुरावा नाही. फुंकल्यानं फुंकर सुधारते. जीभ चिकटली आहे म्हणून तिच्याखालचा पडदा कापला तरी न बोलणारं मूल बोलू लागत नाही. ऑटिझमसाठी स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागतात, तिथून सरळ परत फिरा.

घरात किती भाषा?

गोव्यात हा प्रश्न हमखास येतो. घरी मराठी, शेजारी कोकणी, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. "एकच भाषा ठेवा, ती पण इंग्रजी" असा सल्ला अजूनही दिला जातो. एकाहून जास्त भाषा ऐकल्यानं ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्या भाषेत आजी लाड करते आणि आई रागावते ती भाषा मुलापासून काढून घेऊ नका. सरावाचे पाच शब्द मात्र घरातल्या सगळ्यांनी एकाच रूपात म्हणावेत: पाणी ठरलं तर पाणी, उदक ठरलं तर उदक.

कागदपत्रं

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगता मानली आहे, तिच्यात ऑटिझम येतो. शासकीय वैद्यकीय मंडळ "इसा" या चाळीस प्रश्नांच्या मापनावरून टक्केवारी ठरवतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग ओळखपत्र, मिळतं. चाळीस टक्के किंवा अधिक असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क लागू होतो. राष्ट्रीय न्यासाच्या "निरामय" विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. गोवा सरकारच्या दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी समाजकल्याण खात्यात विचारा. प्रमाणपत्रावर फक्त ऑटिझम लिहिलेला असतो, म्हणून अ‍ॅप्रॅक्सियाचा स्पीच अहवाल वेगळा जपा. शाळेत तोच जास्त कामाला येतो.

शाळा आणि चवथ

बाईंना एका पानावर लिहून द्या: याला सगळं समजतं, बोलायला लावू नका, चित्रांची पाटी बाकावर राहू द्या, तोंडी उत्तराऐवजी बोट दाखवून उत्तर चालवा, उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजा. बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, चालकालाही दोन ओळी सांगा. मुलाला त्रास झाला तर ते त्यांना तोंडानं सांगू शकणार नाही. पुढे परीक्षांसाठी गोवा बोर्डाकडे विशेष गरजांच्या विद्यार्थ्यांना सवलती आहेत. अहवाल नववीपर्यंत ताजे असू द्या.

चवथीला घर भरलं की प्रत्येक मामा-मावशी "नाव सांग बघू" म्हणते. फटाके, भजन, गर्दी यांनी मूल आधीच भांबावलेलं असतं, त्यात सगळे तोंडाकडे पाहत बसतात. जमत होता तो शब्दही जातो. नातेवाइकांना आदल्या दिवशीच सांगा: प्रश्न विचारू नका, स्वतः बोला. माटोळीखाली उभं राहून फळं दाखवत नावं घेतलेली मुलाला बहुधा आवडतात, आणि तिथे उत्तराची सक्ती नसते.

पुढचे सहा महिने

दर महिन्याला त्याच पाच शब्दांचा एक व्हिडिओ काढा. शब्द किती वाढले एवढंच मोजू नका. स्वर बरोबर येतो का, कमी मदतीनं येतो का, अनोळखी माणसाला कळतो का, चित्रानं किंवा खुणेनं स्वतःहून काही सांगितलं का, तेही लिहा. तीन महिने नियमित सराव होऊनही यातलं काहीच हललं नाही, तर व्हिडिओ घेऊन थेरपिस्टसमोर बसा आणि काय बदलायचं ते विचारा. उत्तरात फक्त "धीर धरा" असेल, तर दुसरं मत घ्या, आणि जाताना वही व व्हिडिओ बरोबर न्या.